बेडकांचं गोडं पाणी

पाहुण्यांच्या खोल्या झाडायला घेण्याआधी मी कमोडच्या झाकणावर दोनदा टिचकी मारते. आत कोणी असलं तर त्याला कळावं म्हणून. मग झाकण उघडते. बहुतेक वेळा आत काही नसतं. असलाच तर तो पिवळट बेडूक असतो, झाडावर राहणारा, बोटांच्या टोकांना टिकल्या लावल्यासारख्या गोल गाद्या असलेला. कडेला आतून चिकटून बसतो आणि गळ्याची कातडी हलवत माझ्याकडे बघत राहतो. मी हात ओला करते, मागून धरते, आणि त्याला मागच्या दारी घेऊन जाते.

मृग लागून दहा दिवस झाले, तेव्हा हे काम पुन्हा सुरू झालंय. काल एक साबणदाणीत होता, साबणावर पुढचे दोन्ही पाय ठेवून. परवा एक पाहुण्याच्या बुटात. पाहुणा कल्याणचा, साठीचा माणूस. बूट उलटा करून म्हणाला, "वहिनी, हा तुमचा का?" मी म्हटलं, "आमचाच." तो हसला, पण दुसरा बूट त्याने आधी काठीने हलवून बघितला.

बेडूक एकटा येत नाही. पाऊस जमिनीत मुरला की भिंतींवर पैसे चालायला लागतात. आमच्या माणदेशात त्या किड्याला वाणी म्हणतात. इकडे पैसा, कारण काडी लावली की तो गोल वळून नाण्यासारखा पडून राहतो. कुंभारीण माशी प्लगच्या भोकात माती भरून जाते. शेगडीखाली मुठे येऊन बसतात, म्हणजे शेतातले छोटे खेकडे. शेजारच्या वाडीतली सोनूमावशी त्यांचा रस्सा करते, मी त्यांना सुपलीने बाहेर काढते. मावशी म्हणते, "दारात चालत आलेला कालवन कुनी परत धाडता का गो?" दुपारी ऊन पडलं तर ओटीवर सापसुरळी येते, चकचकीत, आत्ताच तेल लावल्यासारखी. आणि एक दिवड, पाण्यातला साप, दर पावसाळ्यात एकदा तरी हौदापाशी दिसतो. तो विषारी नसतो. हे मी आता पाहुण्यांना शांतपणे सांगू शकते. पहिल्या वर्षी मला स्वतःलाच ते सांगावं लागायचं, आणि पटायचं नाही.

मी मूळची कोकणातली नाही. पण कोकण मला लहानपणापासून माहीत आहे, अर्धंच. आमच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे चार बिऱ्हाडं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि कळप, घाट उतरून खाली यायचा. इथल्या भाताच्या रानात शेतकरी कळप बसवून घ्यायचे. लेंड्यांचं खत त्यांना, तांदूळ आम्हाला. म्हसळ्यापासून चौलपर्यंतची कापलेली शेतं मी पायांनी ओळखायची. कुठे विहीर आहे, कुठल्या विहिरीवर कोण हाकलून देतं, खाडीच्या बाजूला कुठपर्यंत मेंढरं न्यायची आणि कुठून वळवायची. खारं पाणी मेंढरू पीत नाही, पण कोकराला अक्कल नसते, म्हणून आई मला खाडीच्या बाजूने चालवायची. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. पुढे तिचं काम आहे.

वैशाख संपत आला की परतीची चाल. कोकणचा पाऊस आम्ही कधी बघितला नाही. त्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात, लोकर ओली राहून अंगाला रोग लागतो. आभाळ भरायला लागलं की आम्ही घाटाच्या वर. त्यामुळे माझ्या डोक्यात कोकण म्हणजे वाळलेला पेंढा, आंब्याची सावली आणि घाम. इथे चार महिने काय होतं, ते लोक कसे राहतात, हा प्रश्नच कधी पडला नाही. शाळेचं उलटं होतं. शाळा माझ्या वाट्याला पावसाळ्यापुरतीच आली. जूनमध्ये जायचं, दिवाळीला दप्तर आईच्या पेटीत. असं करत चौथी झाली. पाचवीत एकदा परत आले तेव्हा पटावर नाव नव्हतं, आणि परत घालायला कोणी गेलं नाही. मी पण रडले वगैरे नाही. मला तेव्हा कळपातलं एक लंगडं कोकरू जास्त महत्त्वाचं होतं.

साडेचार वर्षांपूर्वी आम्ही मेंढरं विकली आणि दिवाळीनंतर चौलला आलो ते या घरात. मालकीण वसुधाताई मुंबईच्या. सुपारीच्या वाडीत त्यांच्या वडिलांचं घर, त्यात त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या केल्या. वाडी आणि पंप माझ्या नवऱ्याकडे, बिरूकडे. खोल्या आणि स्वयंपाक माझ्याकडे. मागची खोली आम्हाला राहायला. पक्की भिंत, कौलं, खिडकीला गज, दाराला आतून कडी. आतून कडी असलेल्या दारामागे मी त्याआधी सलग इतके दिवस कधी राहिले नव्हते. मुलगी सारिका जूनमध्ये इथल्या शाळेत दुसरीला बसली. बाईंनी तिचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "वर्षभर इथेच ना?" मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण त्यांच्याकडे न बघता.

कारण मेअखेरीपासून माझं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठले की हात आपोआप घोंगड्यांच्या घड्या करायचे. भांडी घासून एकात एक बसवून ठेवायची. बिरू पण तसाच. वाडीत पाणी लावताना मध्येच थांबून घाटाकडे बघायचा. एकदा म्हणाला, "आगं, पाय वळवळत्यात." मी म्हटलं, "वळवळू द्या. आता इथंच ऱ्हायाचं." ज्या पावसाआधी पिढ्यान्‌पिढ्या निघून जायचं, त्या पावसात आपण जाणूनबुजून थांबलोय, ही भीती मला त्या दिवसांत जेवतानासुद्धा असायची.

मग बेडूक आले.

ते कुठून आले हे मला आता माहीत आहे. हौदाचं पाणी, सुपारीच्या झावळ्या, संडासाचा हवेचा पाइप. तेव्हा वाटलं, जमिनीतून उगवले. चहाच्या भांड्यात, टॉवेलच्या घडीत, दाराच्या कडीवर. न्हाणीघरातल्या बादलीच्या काठाला एके सकाळी पांढरा फेस दिसला, दाट, मूठभर. मला वाटलं आदल्या दिवशीच्या पाहुण्याने दाढी केली आणि फेस पुसला नाही. मी मनातल्या मनात त्या पाहुण्याला बोलले आणि ब्रशने घासून टाकला. दोन दिवसांनी तसाच फेस हौदाच्या भिंतीला. तोही घासला. दाढी करायला हौदावर कोण जाईल, हे डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात पाहुण्यांमधली एक बाई न्हाणीघरातून ओरडत बाहेर आली, पडली, गुडघा फुटला. मी हळद लावली, माफी मागितली. जाताना त्यांनी पाहुण्यांच्या वहीत लिहिलं, जागा छान, जेवण उत्तम, बाथरूममध्ये बेडूक. त्या पानाचा फोटो मी नेहमीसारखा ताईंना पाठवला. मोठ्या बोटीने मांडव्याला उतरून त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. ओटीवर बसून चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सुमन, हे बघ. मला बेडकांचा राग नाही. मी इथेच वाढले. पण लोक सुट्टी घालवायला येतात आणि बाथरूमला जायला घाबरतात. त्यात बेडूक आला की मागून साप येतो. पंधरा दिवसांनी माझ्या मैत्रिणी येणारेत. तोवर घरात एक बेडूक दिसायला नको. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं कोणीतरी बघते. रागाने नाही बोलत."

रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. राग उतरतो.

मी म्हटलं, "जमंल ताई."

त्या संध्याकाळी बिरू म्हणाला, "येवढी मेंढरं हाकली आपन. बेडकं काय जड हायती?" आम्हाला दोघांना तो विचार अगदी बरोबर वाटला. जनावर एका जागी नको असलं तर दुसऱ्या जागी न्यायचं. आम्ही आयुष्यभर तेच केलं होतं. रंगाची एक मोठी रिकामी बादली होती, झाकणाची. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. सारिकाला शाळेत सोडलं की मी खोल्या, न्हाणीघर, हौद, पंपाची खोली सगळीकडे फिरायची. आधी हातातून निसटायचे. मग जमायला लागलं. हात ओला हवा, आणि घाई नको. बादली भरली की झाकण लावून खाडीच्या वाटेला. वाडीतच सोडले तर परत येतील. शेतात सोडले तर लोक विचारतील. खाडीला एवढं पाणी, बेडकाला पाणी हवं, अजून काय लागतं?

भरतीच्या वेळी पाणी बांधापर्यंत यायचं. मी बादली आडवी करायची. बेडूक आधी चिखलात बसून राहायचे, मग एकेक करून पाण्यात जायचे. एवढ्या जोरात उड्या मारायचे की मला वाटायचं, खूश झाले. मी हात जोडायची. बेडकांना की खाडीला, ते माहीत नाही. इथे राहायला मिळू दे, असं म्हणायची. घरी येऊन ताईंना फोनवर निरोप बोलून पाठवायची, "ताई, आज दोन्ही खोल्यांत काही नाही." त्यांचा अंगठा यायचा. तो अंगठा बघून मी चहा करून घ्यायची.

असं आठ-दहा दिवस चाललं. एका सकाळी बांधावर सोनूमावशी भेटली. तेव्हा फारशी ओळख नव्हती. उंच, वाळकी बाई, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात भाजीची टोपली. तिचं माहेर मिठागराच्या गावातलं. मला ती मेंढरवाली म्हणायची, आजही म्हणते.

"काय नेतंस गो रोज बादलीन? जाला लावतंस का काय?"

मी झाकण उचलून दाखवलं. ती वाकली. मग सरळ झाली आणि खाडीकडे बघितलं.

"आनि ह्या हितं सोरतंस?"

"व्हय. पाणी हाय म्हणून."

मग तिने टोपली खाली ठेवली. "तुजी मेंढरा पियाची का खारीचा पानी?"

"न्हाय."

"मंग?"

मला एकदम कळलं. सगळं आधीच माहीत होतं, कोकराला खाडीच्या बाजूने न जाऊ देणारी मीच. फक्त बेडकाला ते लागू होईल हे मनात आलं नव्हतं. मावशीने आवाज चढवला नाही. म्हणाली, "त्याचा अंग उघरा असता गो. मीठ आत जाता. आमच्या आगरान चुकून परला तर आमी गोऱ्या पान्यान टाकाचू." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुला कुनी सांगला न्हाय. तू काय करशील."

ओहोटीला मी परत गेले. जायला नको होतं, पण गेले. बांधाच्या खाली भरतीने आणून टाकलेला कचरा होता, काटक्या, थर्माकोल, चपला. त्यात तीन सापडले. पोट वर, पांढरे, पाय लांब झालेले. बाकीचे बगळ्यांनी नेले असतील, नाहीतर चिखलात असतील. बोटांच्या टोकांच्या टिकल्या तशाच होत्या.

आमच्या गावाकडे पाऊस लांबला की पोरं कडुलिंबाचा पाला बांधून, त्यात एक बेडूक ठेवून दारोदार फिरायची. बायका वरून पाणी ओतायच्या. गंमत वाटायची, पण खरं काम बेडूक शोधायचं असायचं. सगळ्या गावात सापडायचा नाही. कोरड्या विहिरीच्या तळाला, दगडाखाली, दोन दोन दिवस शोधून एखादा मिळायचा. तो माझ्या हातात दिला की आई म्हणायची, "नीट धर. त्याचा जीव गेला तर पाऊस येईल कशाला?" आणि मी त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून घरोघर फिरायची, श्वाससुद्धा जपून घेत. ती मुलगी मीच. बादली आडवी करणारीही मीच. दोन्ही गोष्टी मी बिरूला सांगितल्या तेव्हा तो बराच वेळ बादलीच्या झाकणाची भोकं बोटाने चाचपत बसला. मग म्हणाला, "ताईस्नी काय सांगायचं?"

तोच खरा प्रश्न होता. मैत्रिणी येणार होत्या शनिवारी. बेडूक रोज नवे येत होते, कारण जिथून येत होते तिथलं पाणी तसंच होतं. न सांगता निभावता आलं असतं. लांबच्या एखाद्या गोड्या तळ्यावर नेऊन सोडता आले असते, असं बिरू म्हणाला. पण मला बादली उचलवेना. झाकण लावायला गेले की हात थांबायचा. आणि नाही नेले तर घर जाणार, सारिकाचं नाव परत एकदा पटावरून खाली येणार. मी दोन दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल.

ताई शुक्रवारीच आल्या. मी चहा ठेवला आणि बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. "ताई, मी बेडूक खाडीत नेऊन सोडले. ते मेले. मला ठाऊक असायला हवं होतं. आता मी त्यांना कुठं नेणार न्हाय. तुम्हाला दुसरं कुणी बघायचं असलं तर बघा. फक्त पोरीची परीक्षा होईपर्यंत..." माझी बोली त्यांच्यासमोर मी सांभाळून बोलायची, त्या दिवशी सांभाळली नाही.

ताईंनी चष्मा काढला. "मी मारायला सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग मला का असं वाटतंय की मीच सांगितलं?"

त्या उठून हौदापर्यंत गेल्या, तिथे उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "लहानपणी हौदात पाय सोडून बसायचे मी. अंगठ्याला बेडकाची पिल्लं चावायची. चावायची म्हणजे काय, गुदगुल्या." मग लगेच आवाज बदलला. "पण पाहुण्यांचं काय करायचं सांग. मला उद्या चार बायकांना तोंड द्यायचंय."

मी म्हटलं, "आधीच सांगू. इथं बेडूक असत्यात म्हणून."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

आजही काही लोक खरंच येत नाहीत. फोनवर विचारतात, ऐकतात आणि दुसरीकडे जातात.

"दिवाळीपर्यंत बघू," ताई म्हणाल्या.

त्यांना त्या शब्दाचं काही नव्हतं. मला होतं. आमच्या घरात दिवाळीपर्यंत म्हणजे दप्तर पेटीत जायची वेळ.

शनिवारी सोनूमावशी न बोलावता आली. बिरूला पाइपावर चढवून हवेच्या तोंडाला जाळी बांधायला लावली. मला म्हणाली, "तुज्या त्या बादलीन पागोलीचा पानी भर, आनि अळवाच्या बाजूला ठेव. घरान बादली हाय म्हनून घरान येतान. भायेर हाय असा कलला, मंग निम्मे भायेर ऱ्हातील." तिनेच मला सांगितलं की तो पांढरा फेस दाढीचा नाही. बेडूक पाण्याच्या वर फेस करतो, त्यात अंडी असतात, पिल्लं झाली की खाली पाण्यात पडतात. मी तोंडावर हात ठेवला. ती म्हणाली, "ता पन घासलंस? मेंढरवाली ती मेंढरवालीच गो तू." आणि हसत सुटली. मला पण हसू आलं, रडू येता येता.

मैत्रिणी आल्या. चौघींतल्या तिघी किंचाळल्या, एकीने फोटो काढले. संध्याकाळी ताईंनी स्वतः एक पाटी लिहिली आणि न्हाणीघराच्या दाराला लावली. आत जाण्यापूर्वी टिचकी मारा. खाली सही केली नाही, पण अक्षर त्यांचं. तीच पाटी अजून आहे, एका कोपऱ्यात कुंभारणीने माती लावली आहे.

ती दिवाळी आली आणि गेली. ताई काही बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. तेव्हापासून दिवाळी जवळ आली की माझं पोट दुखतं, आणि फराळाचं सगळं करून झालं की थांबतं. उपकार मानायचे तर कोणाचे, ते मला नीट सांगता येत नाही. ताईंचे आहेत. मावशीचे आहेत. खाडीत गेलेल्यांचे मानता येत नाहीत, तेवढी माझी लायकी नाही. त्यांच्यासाठी मी एवढंच करते की टिचकी मारते.

आणि अजून एक सवय लागली आहे. बेडूक कुठेही सोडायचा असला तर आधी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावते. विहीर असो, हौद असो, नळ असो. बिरू हसतो. सारिका माझी नक्कल करते, डोळे बारीक करून, "थांब थांब, आधी चव बघते." सारिका आता सहावीत गेली. मी जिथे थांबले त्याच्या एक वर्ग पुढे. तिच्या पुस्तकात बेडकाचं एक चित्र आहे, आतल्या सगळ्या भागांना बाण दाखवलेलं. तिने मला त्याची कातडी कुठली ते वाचून दाखवलं, कातडीने श्वास घेतो असं लिहिलं होतं. मावशी वेगळ्या शब्दांत तेच म्हणाली होती.

आज सकाळी शाळेला निघताना ती अळवाजवळ वाकली. रंगाची तीच बादली, तिचा रंग आता उडालाय, झाकण मी केव्हाच फोडून टाकलं. काठाला पाच-सहा दिवसांपासून फेस आहे, वरून वाळून पिवळट झालेला. "आई, खालून ओला झालाय. पडतायत बघ," ती म्हणाली. मी गेले. फेसातून एक काळा ठिपका लोंबला, सुटला, पाण्यात पडला आणि शेपूट हलवायला लागला. मग दुसरा.

पागोळीचं पाणी बादलीत टपटपत होतं. सारिका दप्तर सावरत माझ्याकडे बघत होती, आता आई काय करणार ते तिला ठाऊक होतं. पावसाचं पाणी खारं नसतं, हे मला माहीत आहे. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडं आहे?" तिने विचारलं.

"गोडं आहे. जा, उशीर होईल."